मॅप सेन्सर खरंच गेलाय का? बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: पुण्यात चालणारी, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी. मागाहून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१०६ कोड येतो, आयडलिंगला गाडी हलते, पिकअप कमी झालाय, ॲव्हरेज पडलंय. गॅरेजमध्ये सांगितलं, ‘मॅप सेन्सर गेलाय, बदलून टाकू.’ मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेतला दाब मोजणारा सेन्सर, खरंच गेलाय की नाही, हे आधी कसं ठरवायचं?

पी०१०६ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा होत नाही. सेन्सरने सांगितलेला दाब ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) पटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) किती उघडलाय आणि इंजिन किती आरपीएमला फिरतंय यावरून मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्यात) साधारण किती दाब असावा, याचा अंदाज ईसीयू बांधत असतो. सेन्सरचा आकडा त्या अंदाजापासून फार लांब गेला की हा कोड पडतो. आकडा चुकतोय की आकडा बरोबर आहे आणि इंजिनच नीट श्वास घेत नाही, हे कोड सांगू शकत नाही. पी०१०७ आणि पी०१०८ वेगळे: पहिल्यात सिग्नलचं व्होल्टेज मर्यादेच्या खाली गेलेलं असतं, दुसऱ्यात वर. त्या दोन्हींत संशय सरळ वायरिंग, कनेक्टर किंवा सेन्सरवर जातो. पी०१०९ म्हणजे सिग्नल मधूनच तुटतोय. म्हणून ‘मॅपचा कोड आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, नेमका क्रमांक मागून घ्या. तुमच्या बाबतीत तो पी०१०६ आहे, म्हणजे सेन्सरइतकाच संशय इंजिनवरही घ्यायला हवा.

पुढे जाण्याआधी एक इशारा. डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागला असेल, तर तो ऑइल प्रेशरचा आहे आणि त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. तो दिवा दिसला की इंजिन लगेच बंद करायचं, डिपस्टिकवर ऑइल बघायचं आणि ऑइल भरपूर असलं तरी मेकॅनिकल गेजने प्रत्यक्ष दाब मोजल्याशिवाय गाडी चालवायची नाही. तिथे ‘स्विच गेला असेल’ असं गृहीत धरून दहा किलोमीटर जाणं म्हणजे बेअरिंगं आणि क्रँक पणाला लावणं. मॅप सेन्सरच्या तक्रारीत तितकी घाई नसते. गाडी हळू चालवत घरी नेता येते.

मॅप सेन्सर मोजतो तो इनटेक मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब, म्हणजे पूर्ण पोकळीच्या तुलनेतला. आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला बंद पोकळी, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डची हवा. पडदा वाकला की त्यावरचा विद्युत रोध बदलतो आणि सेन्सरच्या आतलं सर्किट त्याचं व्होल्टेज करून ईसीयूला देतं. ज्या गाड्यांत हवेचं वजन मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर नसतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतो, तिथे ईसीयू हा दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरूनच सिलिंडरमध्ये किती हवा गेली ते काढतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. आकडा खऱ्या दाबापेक्षा जास्त आला तर पेट्रोल जास्त जातं: काळा धूर, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, काळवंडलेले प्लग. कमी आला तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं: रेस दिल्यावर गाडी अडखळते, चढावर नॉकिंग ऐकू येतं, सकाळी स्टार्टर जास्त मारावा लागतो.

तपासणीला एक ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या दोष वाचायच्या सॉकेटला लावायचा) ॲडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप, एक डिजिटल मल्टिमीटर आणि जमल्यास गेज असलेला हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप एवढं पुरतं. सुरुवातीला कोड पुसू नका. कोडबरोबर ईसीयूने त्या क्षणाची नोंद साठवलेली असते: आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान, लोड, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट). तिचा फोटो काढून ठेवा. कोड पुसला की ही नोंदही जाते. मग ‘दोष आयडलिंगला आला की ऐंशीच्या वेगात’ हे कळायला मार्ग राहत नाही. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याची पद्धत तर टाळाच. नोंद जाते ती जातेच, शिवाय इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं शिकलेलं आयडलिंगही जातं आणि नवीनच तक्रार उभी राहते.

चावी चालू, इंजिन बंद

सगळ्यात फुकट आणि सगळ्यात बोलकी तपासणी ही. गाडी रात्रभर किंवा निदान पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवा, मग फक्त चावी चालू करा, स्टार्ट करू नका. इंजिन थांबलेलं असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे सेन्सरने त्या ठिकाणचा वातावरणाचा दाब दाखवायला हवा.

इथेच बरेच जण फसतात. पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, पुण्यात स्कॅनर ९४ किंवा ९५ दाखवतो आणि सेन्सर कमी दाखवतोय म्हणून तो बाद ठरवला जातो. १०१ हा समुद्रसपाटीचा आकडा आहे. मुंबईत किंवा पणजीत १०० ते १०१ बरोबर. साधारण ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात ९७ ते ९८. पुणे आणि नाशिक साडेपाचशे-सहाशे मीटरच्या आसपास, तिथे ९४ ते ९५. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरच्या जवळपास, तिथे ८६ च्या आसपास. पावसाळ्यात हेच आकडे हिवाळ्यापेक्षा साधारण एक किलोपास्कलने उतरतात.

ताडून बघायला हवामानाच्या ॲपमधला दाब वापरू नका. तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो, म्हणून पुण्यातही तिथे १०१० हेक्टोपास्कल दिसतो, म्हणजे १०१ किलोपास्कल. त्याऐवजी मोबाइलमध्ये बॅरोमीटर असेल तर तो थेट वाचणारं ॲप घ्या, किंवा त्याच जागी उभ्या असलेल्या दुसऱ्या चांगल्या गाडीला ॲडॅप्टर लावून तिचा आकडा बघा. दोन किलोपास्कलपर्यंतचा फरक सोडून द्या. चार-पाचचा फरक असेल तर सेन्सर किंवा त्याची सप्लायची आणि अर्थिंगची वायर नक्की गडबड करतोय.

अजून एक खाचखळगा. स्कॅनरवर ‘मॅनिफोल्डचा दाब’ आणि ‘वातावरणाचा दाब’ अशा दोन ओळी दिसतात. दोन्ही सारख्या आहेत म्हणजे सेन्सर ठीक, असं समजू नका. टर्बो नसलेल्या बऱ्याच गाड्यांत वातावरणाचा दाब मोजायला वेगळा सेन्सर नसतोच. चावी चालू केल्याच्या क्षणी मॅप सेन्सरने जे सांगितलं तेच ईसीयू वातावरणाचा दाब म्हणून धरतो. खोटं बोलणाऱ्याची साक्ष त्याच्याच तोंडून दोनदा घेतल्यासारखं होतं ते.

इंजिन चालू करून

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, पंखा एकदा लागून बंद झाला की पुरे. एसी बंद, दिवे बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि पेट्रोलवर. धडधाकट इंजिनात आयडलिंगला २८ ते ४० किलोपास्कल दिसायला हवेत. एसी लावला की तीन-चारने, कधी थोडा जास्तही, वाढतो. एकदम झटक्यात पूर्ण रेस द्या आणि सोडा: आकडा वातावरणाच्या दाबाजवळ उडी मारायला हवा, आणि रेस सोडल्यावर आयडलिंगच्याही खाली, विशीत, जाऊन मग परत जागेवर यायला हवा.

तीन गोष्टी बघा. आकडा अजिबात हलत नसेल तर सेन्सरचं छिद्र बंद आहे, सेन्सर मेलेला आहे, किंवा ईसीयूने खरा सिग्नल बाजूला ठेवून स्वतःचा पर्यायी आकडा लावला आहे. शेवटची शक्यता लक्षात ठेवा. काही गाड्यांत दोषाचा कोड पडला की ईसीयू थ्रॉटल आणि आरपीएमवरून काढलेला आकडा वापरतो आणि स्कॅनरवर तोच दाखवतो, म्हणून आकडा छान हलतानाही दिसू शकतो. शंका असेल तिथे मल्टिमीटरने सिग्नलच्या वायरवर प्रत्यक्ष व्होल्टेज मोजणं हाच उपाय. दुसरं, आकडा हलतो पण आळसावल्यासारखा उशिरा: छिद्रात काजळी आणि ऑइलचा लगदा साठला आहे. पण स्वस्त ॲडॅप्टर सेकंदाला दोन-चारच आकडे आणतो, तेव्हा उशीर सेन्सरचा की ॲडॅप्टरचा हे बघायला ॲपमध्ये फक्त हा एकच आकडा निवडून त्याचा आलेख लावा. तिसरं, वेगाने उडी मारतो पण आयडलिंगला ५०-५५ वर बसतो. हा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. चावीच्या तपासणीत आकडा बरोबर आला असेल आणि आयडलिंगला ५० च्या वर असेल, तर सेन्सर बहुधा खरंच सांगतोय आणि दोष इंजिनात आहे. त्याकडे पुढे येतो.

फ्युएल ट्रिम काय सांगतो

ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते म्हणजे ट्रिम. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकून साठवलेला) दोन्हींची बेरीज करा. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर सेन्सरची मोठी चूक नाही. उणे वीस म्हणजे ईसीयू पेट्रोल कापतोय, सेन्सर जास्त दाखवत असू शकतो. अधिक वीस म्हणजे उलट.

यातली खरी खुबी वेगवेगळ्या लोडवर बघण्यात आहे. समजा सेन्सर सगळीकडे चार किलोपास्कल जास्त दाखवतोय. आयडलिंगला खरा दाब ३३ आहे, तर चूक झाली बारा टक्क्यांची. पूर्ण रेसला खरा दाब ९४ आहे, तिथे तीच चूक चार टक्क्यांची. म्हणून असल्या दोषात आयडलिंगचा ट्रिम खूप बिघडतो आणि रस्त्यावर लोड दिल्यावर सुधारतो. गाडीच्या टाकीतला पेट्रोलचा पंप अशक्त असेल किंवा फिल्टर तुंबलेला असेल तर उलट होतं: आयडलिंगला ठीक, लोडवर ट्रिम अधिक पंचवीसकडे. एवढं एक निरीक्षण पुष्कळ गाड्यांत सेन्सर बदलण्याचा खर्च वाचवतं.

मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मॅनिफोल्डला बाहेरून हवा खेचली जात असेल, तरी ट्रिम फारसा वर जाईलच असं नाही. बाहेरून आत आलेली हवाही मॅनिफोल्डचा दाब वाढवते, तो दाब सेन्सर मोजतो, आणि ईसीयू त्या हवेला पुरेसं पेट्रोल देतो. लक्षण दिसतं ते असं: आयडलिंगचं आरपीएम वाढलेलं, मॅपचा आकडा चढलेला आणि ईसीयूने थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटवलेला. मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीची सवय असलेला माणूस ट्रिम बघून ‘लीक नाही’ म्हणतो आणि तिथे चुकतो.

सेन्सर काढून, पंप लावून

कनेक्टर जोडलेलाच ठेवून सेन्सर मॅनिफोल्डमधून काढा. बहुतेक ठिकाणी एकच स्क्रू असतो. त्याच्या नळीवर घट्ट बसेल असा रबरी पाइप घालून व्हॅक्यूम पंप जोडा, चावी चालू करा, इंजिन बंदच. पंपाच्या गेजवर आकडे इंच पाऱ्यात असतात. एक इंच म्हणजे ३.४ किलोपास्कल. पुण्यात सुरुवात ९५ ला होईल. १० इंच ओढल्यावर स्कॅनरवर ६१ च्या आसपास, २० इंचाला २७ च्या आसपास यायला हवेत. मध्ये कुठेही उडी, अडकणं, मागे जाणं नको. २० इंचावर मिनिटभर थांबा. गेज स्थिर आणि आकडा सरकतोय तर सेन्सर बाद. गेजच उतरतंय तर आधी पाइपाचा जोड तपासा, तो पक्का असूनही उतरत असेल तर सेन्सरची बॉडी फुटलेली आहे.

पंप नसेल तर औषधांच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज आणि पाइपाचा तुकडा चालतो. नेमका आकडा पडताळता येत नाही, पण पिस्टन हळू ओढताना दाब गुळगुळीत उतरतो का आणि धरून ठेवल्यावर टिकतो का, हे कळतं. कॉम्प्रेसरची हवा मात्र सेन्सरमध्ये कधीही मारू नका. टायरच्या कॉम्प्रेसरचा दाब वातावरणाच्या सात-आठपट असतो आणि हा पडदा त्यासाठी बनलेला नाही.

गाडी गरम झाल्यावरच त्रास देत असेल तर पंपावर व्हॅक्यूम धरून ठेवा आणि हेअर ड्रायरने सेन्सर दोन-तीन मिनिटं तापवा. चांगला सेन्सर जागचा हलत नाही.

वायरिंग

तीन वायरींचा सेन्सर असेल तर सप्लाय, अर्थ (अर्थिंग) आणि सिग्नल. चार वायरींचा असेल तर आत हवेच्या तापमानाचा थर्मिस्टरही आहे. बॉशच्या प्रचलित चार पिनांच्या सेन्सरमध्ये १ अर्थ, २ तापमान, ३ पाच व्होल्ट सप्लाय, ४ दाबाचा सिग्नल असा क्रम असतो. तरी आपल्या गाडीचा वायरिंग नकाशा बघूनच हात घाला. प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायरच्या रबरी सीलशेजारून सरकवा. समोरून पिनमध्ये खुपसला तर पिन सैल होते आणि आज नसलेला दोष उद्या तयार होतो. बल्बचा टेस्ट लॅम्प इथे वापरायचा नाही.

सप्लाय ४.९ ते ५.१ व्होल्ट हवा. तो कमी असेल तर लगेच ईसीयूकडे बोट दाखवू नका. पाच व्होल्टची एकच लाइन अनेकदा दोन-तीन सेन्सर वाटून घेतात, आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला की सगळे खाली बसतात. स्कॅनरवर पी०६४१ किंवा पी०६५१ (पाच व्होल्टच्या लाइनचे कोड) सोबत असेल तर हाच प्रकार. त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून सोडवा, कोणता सोडवल्यावर व्होल्टेज परत पाचवर येतं ते बघा. एसीचा प्रेशर सेन्सर त्या लाइनवर असेल तर त्याच्यापासून सुरू करा, कारण तो पुढच्या बाजूला पाणी-चिखलात असतो.

अर्थ तपासताना मल्टिमीटरचा काळा प्रोब थेट बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल सेन्सरच्या अर्थ पिनवर, इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. अर्थ कमकुवत झाला की सिग्नल वर सरकतो आणि सेन्सर जास्त दाब दाखवतो. बदललेला नवा सेन्सरही तेच दाखवतो, आणि मग ‘नवा पण खराब निघाला’ असं म्हणत तिसरा मागवला जातो.

सिग्नलचे आकडे: टर्बो नसलेल्या गाडीत पुण्यात चावी चालू केल्यावर साधारण ३.६ ते ४ व्होल्ट, आयडलिंगला १ ते १.५. टर्बो पेट्रोलमध्ये सेन्सरला वातावरणाच्या दुपटीहून जास्त दाब मोजायचा असतो, म्हणून तिथे चावीला १.८ च्या आसपासच दिसतो. तो दोष नाही, तो वेगळ्या पल्ल्याचा सेन्सर आहे.

पी०१०७ किंवा पी०१०८ असेल तर एक निर्णायक चाचणी आहे. कनेक्टर सोडवा आणि स्कॅनर बघा. आकडा एका टोकाला जाईल, शून्याकडे किंवा कमालीकडे, ते ईसीयूच्या रचनेवर अवलंबून. मग हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडीच्या) बाजूला, आकडा शून्याकडे गेला असेल तर सिग्नल पिन १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पाच व्होल्टच्या पिनला जोडा. कमालीकडे गेला असेल तर त्याच रेझिस्टरमधून अर्थला. आकडा विरुद्ध टोकाकडे गेला तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही निर्दोष, सेन्सर बदला. हलला नाही तर सेन्सर बदलून काही होणार नाही. पिना नीट ओळखून हे करा: बारा व्होल्टची वायर चुकून लागली तर ईसीयूच जाईल.

शेवटी, इंजिन चालू ठेवून हार्नेस हलवा, विशेषतः ब्रॅकेटवरून वळण घेते तिथे. पावसाळ्यानंतर आलेल्या दोषात कनेक्टर उघडून हिरवट गंज बघा, आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा. बॉनेटखाली जेटने धुलाई झाल्यानंतर दोन-चार दिवसांत दिवा लागला असेल तर पाणी कनेक्टरमध्ये आहे हे जवळपास गृहीत धरून चाला.

सेन्सर खरा निघाला तर

चावीला ९५, पंपावर सरळ रेषेत, वायरिंग ठीक, आणि तरी आयडलिंगला ५०-५५. मग इंजिन पुरेशी ओढ तयार करत नाही. शोधण्याचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे: मॅनिफोल्डचे पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणारा) पाइप, थ्रॉटल बॉडीचं आणि इंजेक्टरचं सील. धुराच्या यंत्राने लीक मिनिटांत सापडतो. मग उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा), एखादा मिसफायर होणारा सिलिंडर, कॉम्प्रेशन. टायमिंग चेन ताणलेली किंवा दात सरकलेली असेल तर आयडलिंगचा दाब कायमचा चढतो आणि पी०१०६ येतो. बऱ्याचदा सोबत पी००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड) असतो, पण नेहमीच नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल तर आयडलिंगला विशेष काही दिसत नाही. २५०० आरपीएम धरून ठेवला की मॅपचा आकडा हळूहळू चढत जातो. खात्री करायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी गेज लावा. आयडलिंगला सव्वा पीएसआय आणि २५०० ला तीन पीएसआयच्या वर गेला तर एक्झॉस्ट अडलेला आहे.

तुमच्या गाडीत मात्र मी सगळ्यात आधी सीएनजी किटकडे बघेन. किट बसवताना मॅनिफोल्डला किंवा एखाद्या व्हॅक्यूम पाइपला टी-जॉइंट मारून रेड्युसरला (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाला) आणि किटच्या स्वतःच्या प्रेशर सेन्सरला पाइप दिलेला असतो. प्रत्येक सिलिंडरच्या रनरला (मॅनिफोल्डच्या त्या सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीला) गॅसच्या नोझलसाठी छिद्र पाडलेलं असतं. उष्णतेने हे पाइप कडक होतात, टोकाला चिरतात, क्लिप सैल पडते. पाइप बोटांनी चाचपून बघा, दुमडून बघा, आयडलिंगवर प्रत्येक पाइप एकेक चिमटून आकडा उतरतो का बघा. या किटचा एक फायदाही आहे: त्याच मॅनिफोल्डचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर गाडीत आयता आहे. किटवाल्याकडे लॅपटॉप जोडला की त्याचा आकडा दिसतो. गाडीच्या ओबीडीवरचा आणि किटचा आकडा दोन-तीन किलोपास्कलच्या आत जुळला, तर दोन्ही सेन्सर एकाच वेळी सारखे चुकण्याची शक्यता फार कमी. मग सेन्सर सोडा, लीक शोधा. आणि गॅसवर मिश्रण बिघडलेलं असेल तर लाँग ट्रिम तिकडेच बिघडून बसलेला असतो, म्हणून वरच्या सगळ्या चाचण्यांआधी गाडी पेट्रोलवर तीस-चाळीस किलोमीटर चालवून घ्या.

साफ करायचा की बदलायचा

आकडा उशिरा हलतोय पण टोकाचे आकडे बरोबर आहेत, तर आधी साफ करा. इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा किंवा मास एअरफ्लो सेन्सरसाठीचा स्प्रे घ्या. कार्ब क्लीनर नको, तो आतला जेल आणि सील खातो. नळी खाली धरून दोन-तीन छोटे फवारे, थेंब गळू द्या, पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर वाळू द्या. छिद्रात तार, टाचणी, इअरबड काहीही घालायचं नाही. मॅनिफोल्डमधलं छिद्रही स्वच्छ करा, कारण निम्मा लगदा तिथे असतो. ओ-रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर ती बदला, नव्या रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि स्क्रू हलक्या हाताने आवळा. खाली प्लास्टिकचा मॅनिफोल्ड आहे.

बदलायचाच असेल तर जुन्या सेन्सरवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळवा. दिसायला तोच, भोकात बसणारा, कनेक्टरही तोच, पण पल्ला वेगळा, असे सेन्सर बाजारात पुष्कळ आहेत. चुकीच्या पल्ल्याचा लावला तर गाडी स्टार्ट होते आणि चालतेही, फक्त प्रत्येक लोडवर मिश्रण चुकतं.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: बूस्ट प्रेशर सेन्सरला चावी चालू, इंजिन बंद हीच कसोटी लागू पडते, आणि तिथे ईसीयूमध्ये वातावरणाचा स्वतंत्र सेन्सर बहुधा असतो, त्यामुळे दोन्ही आकड्यांची तुलना खरी ठरते. डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) फरक-दाब सेन्सरने त्याच स्थितीत शून्य दाखवायला हवा. नसेल तर आधी त्याचे दोन रबरी पाइप बघा. कॉमन रेलच्या (इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल देणाऱ्या पाइपाच्या) दाबाच्या सेन्सरला इंजिन चालू असताना किंवा नुकतंच बंद केलेलं असताना स्पॅनर लावू नका. त्या पाइपातला दाब आयडलिंगलाही शेकडो बार असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

काम झाल्यावर कोड पुसा आणि चावीची चाचणी, आयडलिंग, झटका रेस हे तिन्ही पुन्हा करा. मग पन्नासेक किलोमीटर मिश्र रस्त्यावर चालवा, त्यात एखादा चढ असू द्या. लाँग ट्रिम शून्याकडे परतू लागला पाहिजे आणि स्कॅनरवर ‘प्रलंबित’ यादीतही पी०१०६ दिसता कामा नये. हा कोड पुष्कळ गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दोष आढळल्यावरच दिवा लावतो, म्हणून पहिल्या दिवशी दिवा विझलेला दिसला तरी ती यादी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उघडून बघा.